तिसरं भोक

१

तुम्हाला ठाऊक होतं. तुम्ही जे कुणी असाल ते. या होडीला भेग आहे हे तुम्हाला ठाऊक होतं, आणि तरी तुम्ही तिच्यावर लांबी भरलीत, पॉलिशपेपर मारलात, वर निळ्या रंगाचे तीन हात चढवलेत आणि हात झटकून घरी गेलात. ज्यांना पुढे या होडीत बसायचं होतं त्यांचा विचार तुमच्या मनाला शिवला नाही.

हे सगळं मी रंग खरवडता खरवडता मोठ्यांदा बोलत होते. ऐकायला शेडमध्ये कुणी नव्हतं. होडी दोन लाकडी घोड्यांवर उपडी ठेवलेली, वर पत्रा, पत्र्यात मध्ये दोन पांढुरके प्लास्टिकचे तुकडे, आणि त्यातून गाळून आलेला दुपारचा उजेड. सोळा फुटी शिडाची होडी, सगळी प्लायवूडची. आत्या तिला म्हातारी म्हणायची. आत्याने याच होडीत वर्षानुवर्षं मुलींना शीड शिकवलं आणि मग एका वर्षी अचानक बंद केलं. गुडघे, असं सगळ्यांनी मला सांगितलं होतं.

तो वर्ग मी पुन्हा सुरू करणार होते. फुकट. क्लबाच्या मागच्या गल्लीतल्या चार मुली, ज्यांनी जन्मभर होड्या जाळीच्या कुंपणातूनच पाहिल्या, त्यांच्यासाठी. कमिटीने लेखी कळवलं होतं: पुढच्या शुक्रवारी तपासनीस येतील. होडी पास झाली तर रविवारपासून वर्ग. नापास झाली तर कापून टाकायची आणि शेड रिकामी करायची. माझ्या हातात नऊ दिवस होते.

आणि आता ही भेग. डावीकडे, नाळेजवळ, दीड वीत लांब. नाळ म्हणजे होडीचं पुढचं टोक, तिथे आत हवेची बंद पेटी असते. होडी उलटली तरी तिच्यामुळे बुडत नाही. या पेटीला झाकण नाही, दार नाही. बांधली त्या दिवशी चारी बाजूंनी चिकटवून बंद केलेली, ती कायमची. भेग नेमकी त्या पेटीच्या अंगावर होती.

२

सुतारकाका क्लबाच्या होड्या तीस वर्षं दुरुस्त करत आलेत. कानावर पेन्सिल, चष्म्याला दोरा. भेगेवरून त्यांनी बोट फिरवलं, हातोडीच्या दांड्याने आजूबाजूला टकटक करून ऐकलं आणि जिथे आवाज बद्द आला तिथे पेन्सिलीने गोल काढले.

"काका, सरळ घासते, तुकडा चिकटवते आणि मोकळी होते."

"इंजिनिअरबाई, जरा दम खा. आधी तिचा रस्ता अडवा. भेगेला टोक आहे तोवर ती चालत राहणार. दोन्ही टोकांना एकेक भोक पाडा. टोक गोल झालं की ती थांबते. मग काय चिकटवायचं ते चिकटवा."

हे मला कॉलेजात शिकवलं होतं, समीकरणासकट. पण ते समीकरण कधी माझ्या हातात ड्रिल घेऊन उभं राहिलं नव्हतं. मी पेन्सिल जाईल एवढी दोन भोकं पाडली, दोन्ही टोकांना. शेजारी आकडे लिहिले, एक आणि दोन.

"बरोबर टोकालाच पाडलंत ना?" काकांनी लांबूनच विचारलं.

"डोळे आहेत मला."

"असू देत हो. माझेही होते."

शेडला एक कुलूप, दोन किल्ल्या. एक माझ्याकडे, एक त्यांच्याकडे. पाच वाजता कुलूप मी लावलं.

३

दुसऱ्या दिवशी दुपारी भोकं तीन होती.

तिसरं दुसऱ्याच्या पुढे चार बोटांवर. शेजारी आकडा नाही. आकार जवळपास माझ्याच भोकांएवढा, कड किंचित ओबडधोबड. मला आधी राग आला तो काकांचा. माझ्या मागे माझ्या कामात हात घालायचा म्हणजे काय?

"मी?" काका म्हणाले. "मी काल इथून गेलो तो नातीला घेऊन दवाखान्यात. विचारा सूनबाईला. आणि मी पाडलं असतं तर असं पाडलं असतं का?"

"असं म्हणजे?"

"हात लावून बघा."

मी बोट फिरवलं आणि झटकन मागे घेतलं. कुसळ शिरलं होतं.

प्लायवूडला भोक पाडताना बिट ज्या बाजूने शिरतं ती कड गुळगुळीत राहते. ज्या बाजूने बाहेर पडतं तिथला शेवटचा थर फाटतो, कुसळं उभी राहतात. माझ्या दोन्ही भोकांच्या कडा गुळगुळीत होत्या. तिसऱ्याची कुसळं माझ्याकडे तोंड करून उभी होती.

काकांनी चष्मा काढून पुसायला घेतला. मीच बोलत सुटले. बिट बोथट असेल. उलटं फिरलं असेल. बाहेर खेचताना कड फाटली असेल. शेवटी मी कोपऱ्यातला प्लायचा तुकडा उचलला आणि त्याला वीस भोकं पाडली: बोथट बिटाने, उलट्या बिटाने, हळू, जोरात, खेचत, वाकवत. विसांपैकी विसांची कुसळं मागच्या बाजूला. मी तुकडा फिरवून फिरवून पाहत राहिले. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला भीती वाटली नव्हती. मजा वाटत होती. कितीतरी दिवसांत असा प्रश्न माझ्या वाट्याला आला नव्हता.

काकांनी मात्र फडक्यावर शाई घेतली, भेगेवर चोळली आणि लगेच पुसून काढली. लाकडात एक काळी रेघ उरली, केसाएवढी. नुसत्या डोळ्यांना ती दिसलीच नसती. माझ्या दुसऱ्या भोकाला वळसा घालून ती पुढे गेली होती, चार बोटं, आणि बरोबर तिसऱ्या भोकात जाऊन थांबली होती.

"टोक चुकलं होतं तुमचं," काका म्हणाले. "बाहेरच्या थरावर कमी दिसते, आतल्या थरात जास्त गेलेली असते. आतून बघणाऱ्यालाच कळणार ते."

"आतून कोण बघणार?"

त्यांनी कानावरची पेन्सिल काढली, पाहिली, परत ठेवली.

"मला आज जरा लवकर जायचंय," ते म्हणाले. दुपारचे तीन वाजले होते.

४

आत्या टेबलाशी बसून शिडाची उसवलेली कड शिवत होती. एक पाय स्टुलावर, शीड सगळ्या खोलीभर पसरलेलं, खुर्च्यांवरून, पलंगावरून. दारातून आत जायला मला ते उचलून वाट करावी लागली.

"आधी हात धू. कापडाला डाग पडतील."

"आत्या, म्हातारीला भेग आहे. कुणीतरी लांबी भरून झाकली होती. मी त्याला शोधून काढणार आहे."

"आणि काय करशील?"

"क्लबातून काढून टाकायला लावीन."

"मग सुटलेच मी," आत्या म्हणाली. "मी कधीचीच बाहेर आहे." आणि तिने दातांनी दोरा तोडला.

मी हात न धुताच खाली बसले.

"तू? तूच मला शिकवलंस ना, होडीत एक गोष्ट लपवली की ती दुप्पट होऊन वर येते?"

"शिकवलं. तेव्हा मला एवढंच माहीत होतं." तिने सुईत नवा दोरा ओवला. पहिल्या झटक्यात. गुडघे गेले तरी डोळे तसेच होते. "भोकं किती पाडलीस?"

"दोन."

"आणि आहेत किती?"

तिसऱ्याबद्दल मी तिला एक अक्षर सांगितलं नव्हतं. "तीन," मी म्हणाले.

"काम चांगलं असतं ना त्याचं?"

"कुणाचं?"

"ते मी कधी विचारलं नाही. मी तुझ्यासारखी शिकलेली नाही, मला प्रत्येक गोष्ट विचारायची सवय नाही." ती हसली, पण ते हसू शिवणीवरच राहिलं, माझ्यापर्यंत आलं नाही. "पंधरा वर्षं वापरली ती होडी मी, त्या भेगेसकट. थेंबभर पाणी आलं नाही कधी."

"मग वर्ग का बंद केलास? गुडघ्यांमुळे ना?"

"गुडघे नंतर गेले. हजेरी चुकायला लागली माझी."

आत्याची हजेरी मला लहानपणापासून पाठ होती. शीड वर चढलं की मागे सुकाणूवर बसलेल्या माणसाला पुढच्या मुली दिसत नाहीत, मध्ये कापडाची भिंत येते. म्हणून आत्या ओरडायची, "हजेरी!" आणि पुढच्या मुली ओळीने नाळेच्या फळीवर एकेक ठोका द्यायच्या. चार मुली, चार ठोके. एकही मुलगी पाण्यात गेली नाही हे असं कळायचं. वाऱ्यात हाक ऐकू येत नाही, पण लाकडातला ठोका बुडाखालून थेट पायाला कळतो.

"तुझं गणित कच्चंच होतं," मी म्हणाले.

"होतं खरं." आत्याने माझ्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. "जिला चार मुली मोजता येत नाहीत तिने मुलींना पाण्यात नेऊ नये. तुझं पक्कं आहे ना?"

५

नळदुरुस्तीवाल्याकडे एक कॅमेरा असतो. लांब वायरच्या टोकाला वाटाण्याएवढी काच आणि तिच्याभोवती बारीक दिवे. तुंबलेल्या नळात घालायचा, चित्र फोनवर दिसतं. तो मी एका दिवसासाठी मागून आणला. नळवाल्याने विचारलं, कुठला नळ? मी म्हटलं, मोठा.

काका त्या दिवशी आले नाहीत. शेडची दोन्ही दारं मी सताड उघडी ठेवली. बाहेर कुणीतरी मोटार धूत होतं, बादलीचा आवाज येत होता. एखाद्या भयंकर गोष्टीला शोभेल असं आजूबाजूला काही नव्हतं, आणि माझी खात्री होती की दहा मिनिटांत मला उत्तर मिळेल. उंदीर. वाळवी. जुनं भोक, जुनी लांबी, ती आत्ता निघून पडली असेल. ही शेवटची कल्पना मला फार आवडली होती.

कॅमेरा मी तिसऱ्या भोकातून आत सरकवला.

आत कोरडं होतं. रंग न लावलेलं लाकूड, अगदी कालच कापल्यासारखं फिकट. पेटीला एकही फट नाही, एकही वाट नाही. मी माझा भुसा शोधला. दोन भोकं पाडली म्हणजे दोन भोकांचा भुसा आत सांडलेला असणार. तो होता. पण भोकांखाली नव्हता. कोपऱ्यात एका जागी लोटून त्याचा ढीग केला होता, छोटासा, टोकदार. काम संपल्यावर काका करतात तसा.

मग वायर वाकवून काचेचं तोंड मी मागे वळवलं, माझ्याच बाजूच्या फळीकडे, आतून.

पहिल्या भोकाभोवती पेन्सिलीने गोल काढलेला होता. दुसऱ्यावर फुली मारली होती. आणि फुलीपासून निघालेला एक बाण, चार बोटं लांब, तिसऱ्या भोकाकडे.

मला हसू फुटलं. शपथेवर सांगते. चौथीत माझी वही तपासायच्या त्या बाईंची आठवण झाली: चूक, आणि बरोबर इथे. 

चित्र धूसर झालं होतं, काचेवर भुसा बसला होता. पुसावा म्हणून मी वायर मागे ओढणार, एवढ्यात पडदा भरून गेला. काळा नाही. तांबूस. बॅटरीवर बोट दाबून धरलं की दिसतं ना, तसा. तो तांबडेपणा डावीकडून उजवीकडे गेला, सावकाश. मग एकदा उजवीकडून डावीकडे.

आणि चित्र लख्ख झालं.

मी वायर बाहेर काढली. पांढऱ्या रुमालाने काच पुसली. रुमालावर काही उठलं नाही. काच स्वच्छच होती.

६

दोन दिवस मी शेडमध्ये गेले नाही. घरी कागदावर लिहीत बसले. एक बाजू, दुसरी बाजू.

सांगितलं तर? कमिटी हसेल, किंवा हसणार नाही. दोन्हीत होडी कापतील. मुली कुंपणाबाहेर. शिवाय कापायची म्हणजे करवत त्या पेटीतूनही जाणार, आणि हा विचार मी कागदावर लिहू शकले नाही.

नाही सांगितलं तर? इथे मी बराच वेळ थांबले. मग लिहिलं: तो जो कोणी आहे तो भेग थांबवतोय. माझी चूक सुधारतोय. कचरा झाडून ठेवतोय. काम इतकं नीट करणाऱ्याचा हेतू वाईट कसा असेल? लिहिलेलं वाचलं तेव्हा मला ते फार सुंदर वाटलं. ही होडी पाण्यात जावी असं कुणाला तरी माझ्याएवढंच मनापासून वाटतंय, असंही मी लिहिलं. त्याला ती पाण्यात कशासाठी हवी असेल, हा प्रश्न तेव्हा मला सुचला नाही.

बुधवारी काम केलं. भेगेभोवतीचे थर एकेक करून उतरत्या पायऱ्यांसारखे घासले, जाडीच्या आठपट उतार. नव्या प्लायचा तुकडा तसाच उलट्या उताराने घासून बसवून पाहिला. इपॉक्सी कालवली, दोन्हीकडे लावली, तुकडा ठेवला, वर मेणकागद, आणि तळहाताने दाबला.

अशा जोडात एकच अडचण असते. मागे पोकळी. बाहेरून दाबलं की पातळ फळी आत लवते, सोडलं की परत येते, आणि जोडात हवा राहते. म्हणून दोन्ही बाजूंनी शिकंजा लागतो. बंद पेटीत आतला शिकंजा लावणार कोण?

फळी लवली नाही.

मी आणखी जोर दिला. तेवढाच जोर उलट आला. मी हात दोन बोटं उजवीकडे सरकवला, तर तो जोरही सरकला, तळहातासमोर तळहात असावा तसा. इपॉक्सी धरायला चाळीस मिनिटं लागतात. ती चाळीस मिनिटं आम्ही तसेच उभे होतो. आम्ही, असं मी आत्ता म्हणतेय. तेव्हा मी मनात पाढे म्हणत होते.

गुरुवारी काका आले. सबंध जोडावर त्यांनी हातोडीचा दांडा वाजवला. कुठेही बद्द आवाज नाही.

"माझ्या हातून असं झालं नसतं," ते म्हणाले. कसं केलंत, हे त्यांनी विचारलं नाही. होडी सुलटी करून ढकलगाडीवर ठेवायला मदत केली, तीही मागच्या टोकाकडूनच. पुढचं टोक मी एकटीने उचललं. मला ते भरलेल्या बादलीएवढंही जड लागलं नाही.

संध्याकाळच्या आत मी जोडावर लांबी भरली. पॉलिशपेपर मारला. निळ्या रंगाचे तीन हात चढवले. शेवटचा हात वाळत असताना माझ्या लक्षात आलं की मी हात झटकतेय.

७

तपासनीस बुटके, गळ्याला मफलर, तोंडात खोकल्याची गोळी. शुक्रवारी सकाळी दहाच्या ठोक्याला हजर. होडी आम्ही शेडसमोरच्या अंगणात गाडीवर उभी केली होती, डोलकाठी लावून, शीड चढवून. आत्या दाराशी खुर्चीत. दोरीवर मुलींची धुतलेली लाइफजॅकेटं वाळत होती, चार पिवळी. पाचवं मी घातलं होतं.

त्यांनी सुकाणू हलवलं, दोर ओढून पाहिले, बुडाखाली वाकून बॅटरी मारली. डाव्या बाजूला नाळेशी बराच वेळ थांबले. 

"इथे काम केलंय."

"हो. भेग होती," मी म्हणाले. हे तरी मी खरं सांगितलं.

"छान केलंय." गोळी एका गालातून दुसऱ्या गालात गेली. "मुली कुठेत?"

चौघीजणी एकमेकींना ढकलत पुढे चढल्या. सगळ्यात धाकटीने विचारलं, "ताई, पाणी नसताना चक्कर येते का?" आणि थोरलीने तिला चापट मारली. मग मी आणि तपासनीस मागे सुकाणूशी बसलो. शीड मध्ये आलं आणि मुली दिसेनाशा झाल्या. नुसती खुसखुस ऐकू येत होती.

"मध्ये हे कापड. पोरगी पाण्यात पडली तर तुम्हाला कळणार कसं?"

याच प्रश्नाची मी वाट पाहत होते; मुलींना ठोक्यांचं आधीच सांगून ठेवलं होतं. "हजेरी घेते, सर. ऐका." आणि मी ओरडले, "हजेरी!"

खुसखुस थांबली. ठोका. ठोका. ठोका. जरा थांबून, धाकटीचा, जोरात. ठोका.

मग आणखी एक. किंचित खालून. फार नेटका.

तो मला पायाला कळला. मी आत्याकडे पाहिलं. ती मांडीवरच्या हातांकडे पाहत होती. रविवार दोन दिवसांवर होता, तपासनिसांच्या मांडीवर फॉर्म होता, त्यांच्या हातात पेन होतं. कापडापलीकडे धाकटी कुजबुजली, "जमलं ना?"

"चार," मी म्हणाले. माझा आवाज अगदी ठाम निघाला. "सगळ्या आहेत."

तपासनिसांनी फॉर्मवर काहीतरी लिहिलं, मान वर करून दोरीकडे पाहिलं आणि पेनाच्या टोकाने हवेत मोजलं.

"ठोके पाच वाजले, बाई. मी पाच लिहिलेत," ते म्हणाले. "जॅकेटं चारच दिसतायत. पाचव्याचं आणून ठेवा, मग सही करतो."